साक्षीला उभे देह

मनिलाच्या राष्ट्रीय ललितकला संग्रहालयात पाऊल टाकलं की तळमजल्याच्या दालनातलं ‘स्पोलियारियम’ अंगावर येतं. सुमारे सव्वाचार मीटर उंच आणि साडेसात मीटरहून अधिक रुंद असं हे तैलचित्र. प्राचीन रोममध्ये झुंजीत मेलेल्या ग्लॅडिएटरांची शस्त्रं आणि चिलखतं आखाड्याखालच्या ज्या कोठडीत उतरवून घेत, तिचं हे नाव. चित्राच्या मधोमध प्रेतं फरफटत नेली जाताहेत. डावीकडे बघ्यांची दाटी आहे. कुणाच्या डोळ्यांत कुतूहल, कुणाच्या डोळ्यांत हाव. उजवीकडच्या काळोखात एक बाई जमिनीवर कोसळली आहे आणि एक म्हातारा आपलं माणूस शोधतो आहे.

हुआन लुना या फिलिपिनो चित्रकाराने हे चित्र रोममध्ये रंगवलं. १८८४ साली माद्रिदच्या राष्ट्रीय प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळालं. फिलिपिन्स तेव्हा स्पेनची वसाहत होती आणि गुलाम देशातल्या चित्रकाराने राज्यकर्त्यांच्या राजधानीत पदक जिंकलं होतं. त्या यशाच्या मेजवानीत २३ वर्षांचे फिलिपिनो लेखक होसे रिझाल बोलायला उभे राहिले. चित्रातल्या त्या रोमन प्रेतांमध्ये त्यांना आपल्या समाजाची अवस्था दिसली होती. १२ वर्षांनी, ३० डिसेंबर १८९६ रोजी, स्पॅनिश सत्तेने रिझाल यांना गोळ्या घातल्या. ती जागा संग्रहालयाशेजारच्याच उद्यानात आहे. मी गेले तेव्हा गणवेशातली शाळकरी मुलं चित्रासमोर फरशीवर मांडी घालून बसली होती, आणि त्यांच्या बाई ग्लॅडिएटरांपासून सुरुवात करून रिझालपर्यंत पोचल्या होत्या.

आग्नेय आशियातले आजचे चित्रकार माणसाचं शरीर कसं रंगवतात, हे पाहण्यासाठी आखलेला हा प्रवास १९व्या शतकातल्या चित्रापासून सुरू करायचं कारण हेच. या देशांमध्ये माणसाचा देह सुंदर दिसावा म्हणून क्वचितच रंगवला गेला. वसाहत आली, हुकूमशहा आले, कत्तली झाल्या, मग पैशाचा पूर आला. या सगळ्याची नोंद कागदपत्रांत झाली नाही, झाली ती पुसली गेली. चित्रकारांनी ती हातापायांत, पाठीच्या कण्यात, कातडीच्या रंगात लिहून ठेवली.

तत्कालीन राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांनी १९७२ साली फिलिपिन्समध्ये लष्करी कायदा लागू केला. त्या दडपशाहीत, १९७६ साली, मनिलात ‘काइसाहान’ नावाचा चित्रकारांचा गट उभा राहिला. कामगार, शेतकरी, झोपडपट्टीतली माणसं हे त्यांचे विषय. त्यांच्यापैकी अँटिपास डेलोटाव्हो यांचं १९७८ सालचं एक जलरंगचित्र त्या देशात बहुतेकांना ठाऊक आहे. एक वयस्क कामगार मान खाली घालून चालला आहे. त्याच्या मागे कोका-कोलाची मोठी लाल पाटी. पाटीवरच्या अक्षराचं लांब शेपूट थेट त्याच्या छातीवर टेकलं आहे, कोयत्याच्या पात्यासारखं. चित्राचं नाव ‘इताक सा पुसो नी मांग हुआन’, म्हणजे हुआनकाकांच्या काळजात कोयता. रक्ताचा थेंबही न दाखवता डेलोटाव्हो यांनी एका देहावर अर्थव्यवस्थेचा घाव दाखवला. तो कामगार तरुण असता तर हे चित्र घोषणा झालं असतं. त्याची वाकलेली मान आणि थकलेले खांदे यांमुळे ते एका माणसाचं चित्र राहतं.

मनिलाच्या पूर्वेला डोंगरउतारावर अँटिपोलो हे शहर आहे. तिथलं पिंटो कला संग्रहालय म्हणजे झाडीत विखुरलेल्या पांढऱ्या इमारती. मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. जोव्हेन कुआनांग यांनी ते उभं केलं. १९८०च्या दशकात त्यांच्या घराच्या आवारात काही तरुण आपली चित्रं कुंपणावर टांगून ठेवत. त्या गटाचं नाव ‘सालिंगपुसा’, मुलांच्या खेळातला कच्चा लिंबू. या कच्च्या लिंबांनी मिळून रंगवलेलं ‘कर्नाबाल’ हे प्रचंड चित्र पिंटोच्या पहिल्या दालनात आहे. १९९२ सालचं. जत्रेतल्या गर्दीत पुढारी, विदूषक, भाविक, भुकेले सगळे एकमेकांत मिसळलेले, आणि प्रत्येकाच्या अंगाला कुठे ना कुठे पीळ पडलेला.

गटातल्या एल्मर बोर्लोंगान यांची चित्रं पुढे फार गाजली. त्यांची माणसं टक्कल असलेली, मोठ्या डोळ्यांची. हात गरजेपेक्षा लांब, पाठ वाजवीपेक्षा वाकलेली. फेरीवाले, रस्त्यावरची मुलं, प्रवासात पेंगलेले कामगार अशी रोज दिसणारी माणसं. परतीच्या जीपनीत, म्हणजे तिथल्या प्रवासी जीपमध्ये, समोरासमोरच्या बाकांवर गुडघ्याला गुडघा लावून बसलेले प्रवासी पाहिले, आणि ही शरीरं कुठून आली ते उमगलं. अंग चोरून बसायची सवय झालेल्या माणसाचे हातपाय त्याला स्वतःलाच जास्तीचे वाटू लागतात. बोर्लोंगान यांनी तेवढंच मोजून काढलं आहे.

त्यांच्यानंतरच्या पिढीतले रोनाल्ड व्हेंचुरा वेगळ्या वाटेने गेले. छायाचित्राइतकी नेमकी कातडी आणि तिच्यावर व्यंगचित्रांचे, जाहिरातींचे, धार्मिक चिन्हांचे थर. २०११ साली हाँगकाँगच्या लिलावात त्यांचं ‘ग्रेग्राउंड’ हे चित्र ८४ लाख हाँगकाँग डॉलरना गेलं, म्हणजे दहा लाख अमेरिकी डॉलरच्या वर. कुंपणावर टांगलेल्या चित्रांच्या देशात आता अशीही किंमत येऊ लागली होती.

इंडोनेशियात, जावा बेटावरच्या योग्यकर्त्यात चित्रकारांची वस्ती इतकी दाट आहे की रिक्षावालाही स्टुडिओंचे पत्ते सांगतो. विमानतळाच्या जुन्या रस्त्यावर, गाजाह वाँग नदीच्या काठी, केळीच्या पानासारखी छपरं असलेलं आफान्दी संग्रहालय आहे. आफान्दी यांनी स्वतःच त्याचा आराखडा केला. १९०७ साली चिरेबॉनला जन्मलेला हा माणूस १९४९ साली शिष्यवृत्ती घेऊन शांतिनिकेतनात आला. इथे तुम्हाला शिकवण्यासारखं काही नाही, असं त्यांना सांगण्यात आल्याची हकिकत प्रसिद्ध आहे. मग १९५१पर्यंत ते भारतभर हिंडले, रंगवत राहिले, प्रदर्शनं भरवली. मुलगी कार्तिका सोबत होती. तीही पुढे चित्रकार झाली आणि स्वतःचा चेहरा वय वाढत जाईल तसा निर्भयपणे रंगवत राहिली.

आफान्दी यांनी पुढे कुंचला जवळजवळ सोडून दिला. रंगाची ट्यूब थेट कॅनव्हासवर पिळायची आणि बोटांनी, तळव्याने, मनगटाने रंग फिरवायचा. त्यामुळे त्यांच्या चित्रात दोन शरीरं असतात, एक रंगवलेलं आणि एक रंगवणारं. त्यांच्या आत्मचित्रांपुढे उभं राहिलं की रंगाच्या वळशांतून हाताचा वेग कळतो. म्हातारपणातला चेहरा दाताविना, केस विस्कटलेले, डोळे पेटलेले. कोणतीही चापूनचोपून मांडणी नाही. आवारातच त्यांची आणि पत्नी मार्याती यांची समाधी आहे.

हे धाडस एका रात्रीत आलेलं नव्हतं. डच अमलात इंडोनेशियाची चित्रं म्हणजे निळे डोंगर, भातखाचरं, माड आणि संथ पाणी. पर्यटकांना आवडणाऱ्या या चित्रांवर एस. सुजोयोनो यांनी कडाडून टीका केली आणि १९३८ साली सहकाऱ्यांसह ‘परसागी’ ही चित्रकारांची संघटना काढली. पुढच्याच वर्षी त्यांनी रंगवलेल्या ‘उघड्या मच्छरदाणीपुढे’ या चित्रात एक बाई खुर्चीत बसली आहे आणि थकलेल्या, सरळ नजरेने समोर पाहते आहे. डोंगर नाही, माड नाही. इंडोनेशियाचं आधुनिक चित्र त्या नजरेपासून सुरू झालं असं मला वाटतं.

हेन्द्रा गुनावान याच परंपरेतले. स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत, १९४७ साली, त्यांनी योग्यकर्त्यातच ‘पेलुकिस राक्यात’ म्हणजे जनतेचे चित्रकार हा गट उभारण्यात पुढाकार घेतला. १९६५ साली लष्कराने डाव्यांचं शिरकाण सुरू केलं. लाखो माणसं मारली गेली. डाव्या सांस्कृतिक चळवळीशी संबंध असलेल्या हेन्द्रा यांना बांडुंगच्या केबोन वारू तुरुंगात टाकलं गेलं, ते १९७८ साली सुटले. तुरुंगात ते रंगवत राहिले, सोबतच्या कैद्यांना शिकवत राहिले. नवल हे की याच काळात त्यांचे रंग अधिक झगझगीत झाले. बाजारातल्या बायका, मासे विकणाऱ्या, मुलाला पाजणाऱ्या, उवा काढणाऱ्या. आणि त्यांचे पाय! हेन्द्रा यांच्या चित्रांत पायांची बोटं फाकलेली, मोठी, जमीन घट्ट धरून असलेली असतात. कोठडीतल्या माणसाला बाहेरची जमीन इतकी हवी होती.

इंडोनेशियाचे हुकूमशहा सुहार्तो यांची ३२ वर्षांची सत्ता मे १९९८मध्ये कोसळली. त्या सुमाराला योग्यकर्त्याच्या कला संस्थेत शिकलेला न्योमान मासरियादी हा बालीचा तरुण पुढे येत होता. सगळे मोर्चे आणि रक्त रंगवत असताना मासरियादी यांनी पिळदार, काळसर, धातूसारख्या चकाकणाऱ्या अंगाचे राक्षसी पुरुष रंगवले. मुष्टियोद्धे, गुंड, नेते, अतिमानव. स्नायू फुगलेले आणि चेहऱ्यावर रिकामा आत्मविश्वास. हुकूमशाही गेल्यावर बळाचं आकर्षण मात्र माणसांच्या अंगात शिल्लक राहतं, हे त्यांनी फार लवकर ओळखलं. ऑक्टोबर २००८मध्ये त्यांचं ‘द मॅन फ्रॉम बांतुल’ हे मुष्टियुद्धाचं चित्र हाँगकाँगला ७८ लाख हाँगकाँग डॉलरना विकलं गेलं. हयात आग्नेय आशियाई चित्रकाराच्या चित्राने लिलावात दहा लाख अमेरिकी डॉलरचा टप्पा ओलांडण्याची ही पहिलीच वेळ.

त्याच महिन्याच्या ३० तारखेला इंडोनेशियाच्या संसदेने अश्लीलताविरोधी कायदा संमत केला.

त्याआधी एक प्रकरण घडलं होतं. २००५ साली जाकार्ताच्या एका द्वैवार्षिक प्रदर्शनात आगुस सुवागे आणि छायाचित्रकार डेव्ही लिंगार यांची ‘पिंकस्विंग पार्क’ ही मांडणी होती. एका बागेत आदम आणि हव्वा, दोघंही नग्न, जननेंद्रियं पांढऱ्या वर्तुळांनी झाकलेली. आदमच्या जागी एक लोकप्रिय टीव्ही अभिनेता होता. कट्टर धार्मिक संघटना चालून आल्या, पोलिसांत तक्रार झाली, मांडणी बंद झाली. ते द्वैवार्षिक प्रदर्शन पुन्हा कधी भरलं नाही. एकाच देशात, थोड्याच अंतराने, एका उघड्या देहाला विक्रमी बोली मिळते आणि दुसऱ्याला पोलीस ठाणं. विकला जाणारा देह चालतो, प्रश्न विचारणारा चालत नाही, अशी ही वाटणी आहे.

कायद्याला सर्वांत मोठा विरोध झाला तो हिंदूबहुल बालीतून. मंदिरांच्या भिंतीवरच्या मूर्ती, नृत्यातले पेहराव, चित्रं, सगळंच संशयाच्या कक्षेत येईल अशी तिथल्या लोकांची भीती होती. पण बालीच्या शरीरावरची नजर हा प्रश्न कायद्याहून जुना आहे. सानुरच्या किनाऱ्यावर बेल्जियन चित्रकार ल मायर यांचं घर आता संग्रहालय आहे. १९३२ साली ते इथे आले आणि तीन वर्षांनी नी पोलोक या किशोरवयीन लेगाँग नर्तकीशी त्यांनी लग्न केलं. ती त्यांची मॉडेल. जपानी ताब्याच्या काळात कॅनव्हास मिळेना तेव्हा त्यांनी जाड्याभरड्या स्थानिक गोणपाटावर तिला रंगवलं. खोल्यांमागून खोल्या फुलांत, उन्हात, उघड्या छातीने उभ्या असलेल्या तिच्याच आहेत. चित्रं देखणी आहेत हे मान्यच करावं लागतं. पण शंभर वेळा रंगवलेल्या त्या मुलीला काय वाटत होतं, याचा पत्ता त्यांतल्या एकातूनही लागत नाही.

त्याचं उत्तर उबुदजवळच्या पेंगोसेकानमधून आलं. तिथे देवा पुतू मोको या चित्रकाराकडे शिकलेल्या मुर्नियासिह. जन्म १९६६ सालचा, लहानपण घरकामाला राहून काढलेलं. बालपणी झालेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल पुढे त्या उघड बोलल्या. १९९१ साली उबुदमध्ये केवळ स्त्री चित्रकारांसाठी ‘सेनिवाती’ ही गॅलरी सुरू झाली होती, तिने मुर्नियासिह यांना भिंत दिली. पेंगोसेकानची रेखीव बाह्यरेषा आणि सपाट रंग घेऊन त्यांनी स्वतःच्या शरीराचं स्वप्नही मांडलं आणि दुःस्वप्नही. उंच टाचांचे बूट, कात्र्या, टाके, लांबत गेलेले अवयव, बाईच्या पोटात शिरणारे आणि बाहेर पडणारे विचित्र प्राणी. यात वासना आहे, वेदना आहे आणि खोडकर आनंदही आहे. एका बाईच्या देहात हे तिन्ही एकत्र नांदू शकतात हे कबूल करायला प्रेक्षकांना जड गेलं, अजूनही जातं. २००६ साली, वयाच्या चाळिशीच्या आतच, कर्करोगाने त्या गेल्या. सकाळी सानुर आणि दुपारी उबुद असा क्रम ठेवला म्हणून मला हा फरक इतका ठसठशीत दिसला. नी पोलोक चित्रात पाहिली जाते. मुर्नियासिह चित्रातून आपल्याकडे पाहतात.

पुढच्या मुक्कामाला, कंबोडियाला, जाताना सिंगापूर वाटेवरच पडतं. तिथली नॅशनल गॅलरी २०१५ साली जुन्या सर्वोच्च न्यायालयाच्या आणि सिटी हॉलच्या इमारतींत उघडली. लिऊ कांग यांचं १९५४ सालचं ‘चित्रकार आणि मॉडेल’ हे चित्र तिथे आवर्जून पाहावं. १९५२ साली सिंगापूरचे चार चित्रकार बालीला गेले होते, त्या सफरीतून ते आलं. बालीची स्त्री बसली आहे आणि लिऊ कांग यांचे सहकारी चेन वेन सी तिचं रेखाटन करताहेत. परक्या देशातून आलेली नजरही इथे चित्रात पकडली गेली आहे, इतक्या मोकळेपणाने की ल मायर यांच्या खोल्यांनंतर हायसं वाटतं.

कंबोडियाची राजधानी नोम पेन्हमधलं तुओल स्लेंग एकेकाळी माध्यमिक शाळा होती. ख्मेर रूज राजवटीत, १९७५ ते १९७९ या काळात, तिथे एस-२१ हा तुरुंग चालला. हजारो माणसं आत गेली. जिवंत हाती लागलेल्यांची मोजणी बोटांवर होते. अंगणात चाफ्याची झाडं आहेत आणि तुरुंग मुक्त झाला तेव्हा सापडलेल्या शेवटच्या १४ मृतदेहांच्या पांढऱ्या समाध्या. वर्गांच्या भिंतींवर कैद्यांची छायाचित्रं रांगेने लावली आहेत. आत येताक्षणी टिपलेले चेहरे, छातीवर क्रमांक. त्यानंतर त्या देहांचं काय झालं हे सांगतात ती वान नाथ यांची चित्रं.

वान नाथ बट्टामबाँगमध्ये सिनेमाच्या जाहिराती आणि दुकानांच्या पाट्या रंगवत. जानेवारी १९७८मध्ये त्यांना एस-२१मध्ये आणलं गेलं. चित्र काढता येतं हे कळल्यावर तुरुंगाचा प्रमुख दुच याने त्यांना एका छायाचित्रावरून ख्मेर रूजचा हुकूमशहा पोल पॉट याची चित्रं रंगवायला बसवलं. मृत्युदंडाच्या यादीत त्यांचं नाव होतं, त्यासमोर चित्रकाराला ठेवा अशा अर्थाची नोंद केली गेली. ज्या हाताने हुकूमशहाचे गुळगुळीत गाल रंगवायला लागले, त्याच हाताने मुक्ततेनंतर त्यांनी तुरुंगातले देह रंगवले. पायांत बेड्या अडकवून फरशीवर ओळीने निजवलेली हाडकुळी माणसं. पाण्याच्या यातना. आईच्या कुशीतून हिसकावलेलं मूल. काही त्यांनी पाहिलेलं, काही शेजारच्या कोठड्यांतून ऐकलेलं आणि इतरांकडून कळलेलं.

सिनेमाच्या फलकाचीच शैली आहे ही. ठळक, स्पष्ट, कोपऱ्यातला माणूसही ओळखू यावा अशी. कलासमीक्षेच्या कसोट्या लावून या चित्रांना साधं म्हणणारे भेटतील. मला मात्र या साधेपणात जबाबदारी दिसली. साक्षीदाराला अस्पष्ट बोलून चालत नाही. जून २००९मध्ये वान नाथ यांनी दुचवरच्या खटल्यात खरोखरच न्यायालयात साक्ष दिली. २०११च्या सप्टेंबरमध्ये ते वारले. पुढच्या फेब्रुवारीत दुचला जन्मठेप झाली.

मनिला ते नोम पेन्ह हे सगळं सलग पाहिल्यावर एक गोष्ट ठामपणे सांगता येते. या प्रदेशातल्या मनुष्याकृतींच्या चित्रकलेला पाश्चात्त्य चित्रकलेची उशिरा आलेली शाखा म्हणणं चुकीचं आहे. तैलरंग आणि कॅनव्हास बाहेरून आले असतील, पण वाकलेली मान, फाकलेली बोटं, फुगलेले स्नायू, कात्र्यांनी घेरलेलं पोट आणि बेड्यांतले पाय इथल्याच इतिहासाने दिले आहेत. बाजार आज त्यांतल्या काहींना डोक्यावर घेतो. मोठ्या बोलीचे आकडे बातमी होतात, मुर्नियासिह आणि वान नाथ त्या बातम्यांत क्वचितच येतात. माझ्या लेखी या यादीत त्यांचं स्थान सर्वांत वरचं आहे.

पुण्या-मुंबईहून दरवर्षी सिंगापूर आणि बालीच्या सहली निघतात. हल्ली कंबोडियाच्या अंगकोर वाटलाही मराठी मंडळी आवर्जून जातात. सहल आखणाऱ्याकडून या प्रत्येक मुक्कामी अर्धा दिवस मागून घ्या. सिंगापूरला मॉल कमी करून नॅशनल गॅलरी पाहा, सानुरला समुद्रावर उतरणारच असाल तर ल मायर यांचं घरही पाहा आणि मग मुर्नियासिह यांची चित्रं सध्या कुठे लागली आहेत ते उबुदमध्ये विचारा. मनिलाच्या संग्रहालयाला तिकीट लागत नाही. तुओल स्लेंगला लहान मुलांना नेऊ नका. मोठ्यांनी मात्र जरूर जावं, आणि छायाचित्रांपाशी न थांबता वान नाथ यांच्या चित्रांपर्यंत पोचावं.